कापड गळ्याभोवती आहे तोवर

दादांच्या सलूनमध्ये एक कायदा होता. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड आहे तोवर गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. एखाद्यानं म्हणावं की हल्ली सूर्य उशिरा उगवतो, तर दादांनी कैची चालवत म्हणायचं की हो ना, माझ्याही लक्षात आलंय. एकदा कापड झटकलं आणि माणूस खुर्चीतून उठला, की मग त्याच माणसाला दारात उभं करून दादा सूर्याच्या प्रश्नावर असं काही फैलावर घेत, की तो बिचारा आपली टोपी खुंटीलाच विसरून घरी जाई.

हा कायदा दादांच्या वडिलांनी घालून दिलेला. त्यामागे मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं हो. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला उलट उत्तर दिलं की तो ताडकन मान वळवतो, आणि मान वळली की रक्त. म्हणून वाद नको. कारण असं साधं, पण त्यामुळे दुकान दणक्यात चालायचं. तुम्हीच सांगा, घरी बायको ऐकत नाही, कामावर साहेब ऐकत नाही, पोरं तर मोबाइलमधून डोकं वर काढायला तयार नाहीत. अख्ख्या वस्तीत एकच खुर्ची अशी, की जिच्यात बसलं की माणूस शहाणा ठरतो. केस वाढले नसले तरी लोक यायचे.

आणि त्या दिवशी तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवरचा नवा पूल खुला होणार होता. आजवर लांबचा वळसा घालून पलीकडे जाणारी माणसं उद्या रमतगमत चालत जाणार होती. टीव्हीवाले येणार होते. पुलाच्या मधोमध उभं राहून सगळ्या वस्तीचा एकत्र फोटो निघणार होता. आता फोटो म्हटला की माणसाला आपल्या डोक्याची आठवण होते, एरवी तो ते वापरत असो वा नसो. सकाळी दुकान उघडायला दादा पोहोचले तेव्हा पायरीवर रांग लागलेली होती. आत बाकावर जागा मिळाली नाही ते दाराला टेकून उभे राहिले, आणि सगळे एकदम बोलत होते. पूल असा आहे, पूल तसा आहे, फोटोत पुढे कोण बसणार, मागे कोण राहणार. मागे राहायला अर्थातच कुणी तयार नव्हतं.

दादांच्या अंगात तर वारं शिरलं होतं. एका हातानं कैची, दुसऱ्या हातानं कंगवा, पायानं खुर्चीचा दांडा दाबून गिऱ्हाईक वर, गिऱ्हाईक खाली. अशा गर्दीच्या दिवशी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटायचा. पण त्या सकाळी त्यांच्या पोटात एक गोळा होता, आणि तो गोळा दुकानाच्या कोपऱ्यात झाडू घेऊन उभा होता.

म्हणजे त्यांची मुलगी हो. एकुलती एक. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि शाळेच्या दाखल्यावर काय आहे हे आता तिच्या आईला विचारावं लागेल. ही भिंगरी या दुकानाच्या बाकावर वाढली. मोठी झाल्यावर ती शहरात गेली, केस कापायचं रीतसर शिकली आणि तिथल्या एका मोठ्या सलूनमध्ये कामाला लागली. दादांनी ते कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. शहर लांब होतं, तेव्हा कौतुक करायला काही अडचण नव्हती.

अडचण आता आली. शहरातल्या सलूनची मालकीण नवीन शाखा काढत होती, आणखी दूरच्या गावात, आणि ती भिंगरीच्या ताब्यात द्यायला निघाली होती. हो की नाही ते आज दुपारच्या आत फोन करून सांगायचं होतं. एकदा हो म्हटलं की भिंगरी तिकडचीच झाली. आणि भिंगरीला तिकडचं व्हायचं नव्हतं. तिला इथं, बापाच्या शेजारी उभं राहून काम करायचं होतं. दुकानात दुसरी खुर्ची होतीच की. आजोबा आणि दादा दोघं मिळून काम करायचे तेव्हाची. आजोबा गेल्यापासून तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग बसलेला असायचा, आणि तो ढीग काही केस कापून घेत नव्हता.

काल संध्याकाळी जेवताना तिनं हा विषय काढला. दादा ताबडतोब नाही म्हणाले. इतक्या ताबडतोब, की घास तोंडात होता तो गिळायचंही राहिलं. म्हणाले, इथले लोक मुलीच्या हातून दाढी करून घ्यायचे नाहीत. ती म्हणाली, विचारून तर बघू. ते म्हणाले, दुकान ही विचारून बघायची गोष्ट नव्हे. ती म्हणाली, खुर्ची नुसती पडून आहे. ते म्हणाले, खुर्चीवर वर्तमानपत्रं आहेत. यावर कोण काय बोलणार? आवाज चढले. शेवटी भिंगरीच्या आईनं हातातला डाव पातेल्यात आपटला.

"दुकानात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला खरं म्हणता," ती नवऱ्याला म्हणाली. "पोटच्या पोरीनं तुम्हाला काही सांगायचं असेल तर तिनं काय केस कापायला यायचं?"

रागाच्या भरात बोलून गेली बिचारी. पण भिंगरीचा घास हातातच राहिला, आणि त्यानंतर ती जेवण संपेपर्यंत अवाक्षर बोलली नाही. दादांना वाटलं, पोरगी समजली. बापांना असं फार चटकन वाटतं.

तर सकाळी ती मदतीला म्हणून दुकानात आली आणि खाली पडलेले केस झाडू लागली. खुर्चीत बेकरीवाला बसला होता. त्याच्या भुवयांत नेहमीप्रमाणे पीठ होतं आणि चेहरा मात्र सुतकी. पूल झाला की पलीकडच्या मोठ्या दुकानांचा पाव इकडे येणार, तो म्हणाला, आणि मी बुडालो. दादा म्हणाले, बुडालातच. बेकरीवाला थोडा वेळ आरशात बघत बसला. मग म्हणाला की अगदीच बुडालो असंही नाही. दादा म्हणाले, छे, तसं कसं. उलट माझाच पाव पलीकडे जाईल की, बेकरीवाला म्हणाला. दादा म्हणाले, जाणारच. कानामागचे केस होईपर्यंत बेकरीवाल्यानं पलीकडे दुकान टाकलं होतं, आणि कापड झटकलं तेव्हा तो नवीन भट्टी घ्यायच्या विचारात बाकावर जाऊन बसला. घरी जायचं सोडून बसलाच, कारण अशी मजा सोडून भट्टीपाशी कोण जातो?

बाकावरचे लोक खुसखुसले. भिंगरी हसली नाही. ती बेकरीवाल्याकडे टक लावून बघत होती.

पुढचा नंबर दातांच्या डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणजे शांत गृहस्थ. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवायची, त्यामुळे स्वतःचं बंद ठेवायची सवय. त्यांचे केस झाले. मग कानापुढची रेघ सरळ करायला दादांनी वस्तरा घेतला, आणि काय झालं कुणास ठाऊक, डॉक्टरांच्या कानापाशी एक लाल ठिपका उमटला.

"काही नाही, काही नाही," डॉक्टर म्हणाले. "माझीच मान हलली."

त्यांची मान हललेली नव्हती. दुकानातल्या प्रत्येकानं ते पाहिलं होतं आणि प्रत्येकजण अचानक पुलाबद्दल बोलू लागला. दादांनी तुरटी दाबली आणि बाकाला धक्का कुणी दिला म्हणून बाकावरच्यांना दटावलं. मग दादा आपल्या आवडत्या विषयावर आले, की हल्ली दाढी करणारी माणसंच राहिली नाहीत. पोस्टमननं दाढी वाढवली, डॉक्टर घरीच उरकतात, बेकरीवाला म्हणतो कातडीला सोसत नाही. काळच बदलला, दादा म्हणाले, दाढीची फॅशन आली आहे, त्याला आपण काय करणार. भिंगरीच्या हातातला झाडू थांबला होता. दादांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे नजर वळवली.

डॉक्टर उठले. आता पोस्टमनचा नंबर होता. छातीपर्यंत आलेली दाढी सांभाळत तो उठला, इतक्यात भिंगरीनं झाडू भिंतीला टेकवला आणि त्याला विचारलं की काका, तुमचा नंबर मला द्याल का. पोस्टमन आयुष्यभर दुसऱ्यांचं दुसऱ्यांना नेऊन देत आला होता, त्याला नंबर द्यायला कसली अडचण? तो खाली बसला. भिंगरी खुर्चीत जाऊन बसली. खुंटीवरचं पांढरं कापड तिनं स्वतःच ओढलं, गळ्याभोवती गुंडाळलं आणि मागे स्वतःच्या हातानं गाठ मारली.

दाराला टेकलेला एकजण आत आला आणि त्याच्या मागचेही आत आले.

दादांना तिचा डाव कळला. न कळायला काय झालं, कायदा त्यांचाच होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण कापड तर बांधलेलं होतं. समोर आरशात वस्तीतली निम्मी माणसं डोळे विस्फारून बघत होती. वडिलांचा कायदा आज मोडला तर उद्यापासून कोण मानणार? त्यांनी कंगवा उचलला आणि पोरीच्या केसांतून फिरवायला सुरुवात केली.

"मला शहरात राहायचं नाही," भिंगरी आरशातल्या बापाला म्हणाली. "मला इथं काम करायचं आहे. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर."

"हो," दादा म्हणाले.

"मला हे काम चांगलं येतं."

"येतं."

"दाढी तर मी तुमच्यापेक्षा चांगली करते."

बाकावर कुणीतरी श्वास आत ओढला तो सोडलाच नाही. दादांचा जबडा घट्ट झाला. त्या दातांमधून "हो" बाहेर यायला जरा वेळ लागला, पण आला. लोकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पोस्टमन तर अर्धा उठला होता.

पण भिंगरीचा चेहरा उतरला. मघापासून ती उत्साहानं नुसती फुरफुरत होती, आणि आता तिचे डोळे भरून आले. जिंकल्यावर असं व्हायला नको खरं तर. तिनं गाठ सोडली, कापड काढलं आणि उभी राहिली.

"या 'हो'चा काय उपयोग बाबा," ती म्हणाली. "बेकरीवाल्या काकांना तुम्ही बुडालात म्हणालात आणि लगेच तराल असंही म्हणालात. आता तुम्ही बसा."

आता सांगायची गोष्ट अशी, की दादा त्या खुर्चीत वडील गेल्यापासून बसले नव्हते. जगाचे केस कापणाऱ्याचे केस कोण कापणार? पुढचे ते स्वतःच आरशात बघून नीट करत, आणि मागचे त्यांची बायको स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापायची, दूध उतू जायच्या बेतात असताना. मागून दादांची मान उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसे. आजवर त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आता मात्र बाकावरून चोहोबाजूंनी सूर निघाला की बसाच दादा, उद्या फोटो आहे, टीव्हीवाले मागूनसुद्धा घेतात म्हणे. दादा नको नको म्हणत होते, पण फोटोचं नाव काढलं आणि त्यांचा हात आपसूक मानेकडे गेला. ते बसले. मोठमोठी माणसं तत्त्वापुढे वाकत नाहीत आणि फोटोपुढे बसतात, हे काही आजचं नाही.

भिंगरीनं कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. मानेमागे दोन बोटं घालून गाठ जास्त आवळली तर नाही ना ते पाहिलं. तिचा हात हलका होता. तो हलका हात दादांना लगेच जाणवला आणि त्यांना त्याचा रागच आला.

"बोला," ती म्हणाली. "कापड आहे तोवर मी उलट बोलणार नाही."

दादांनी सुरुवात केली ती एकदम वरच्या पट्टीत. इथले लोक मुलीच्या हातून दाढी करून घेणार नाहीत, ते म्हणाले. भिंगरी म्हणाली, हो बाबा. दिवसभर उभं राहायचं काम आहे, पाय सुजतात, हे काही तुझ्यानं व्हायचं नाही. हो बाबा. शहरातून एवढी मोठी संधी चालून आलीये, ती लाथाडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. खरंय बाबा. उद्या पूल झाला की पलीकडची सलूनं गिऱ्हाइकं पळवतील, मग दोन खुर्च्या कशाला, एकसुद्धा चालायची नाही. बरोबर आहे बाबा. कैची मानेवरून कुरकुर फिरत होती आणि खाली केसांचे पुंजके पडत होते.

दादा थांबले. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. काल जेवताना हीच वाक्यं किती ठणठणीत वाटली होती. तेव्हा समोरून विरोध होता. दोरीच्या पलीकडचं टोक कुणी सोडून दिलं की ओढणारा पाठीवर आपटतो, तशी त्यांची गत झाली. त्यांनी पुन्हा जोर लावून बघितला. पाय सुजतात, ते म्हणाले. हो बाबा, ती म्हणाली. आणि दादांना आठवलं की याच मुलीनं लहानपणी दिवसदिवस या दुकानात उभं राहून दाखवलं होतं, बस म्हटलं तरी बसत नसे. आरशात एक पांढऱ्या कापडातला म्हातारा माणूस काहीबाही बोलत होता. असली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्यांना तो माणूस मुळीच पटेना.

भिंगरीनं कैची ठेवली, मानेला फेस लावला आणि वस्तरा घेतला. वस्तरा टेकला तसे दादा अगदी स्थिर झाले. पात वरून खाली आली, न अडखळता, न थांबता. दादांनी डोळे मिटले. असा हात त्यांच्या मानेवरून वडील गेल्यापासून फिरला नव्हता.

"माझा हात थरथरतो," दादा म्हणाले.

वस्तरा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"बरेच दिवस झाले. कैचीला चालतो, वस्तरा धरला की थरथरतो. मी कुणाला सांगितलेलं नाही. तू शेजारी उभी राहिलीस तर तुझा हात आणि माझा हात एकाच आरशात दिसेल. मग लोक म्हणतील, दादा, आता घरी बसा. घरी बसून मी काय करू? घरी मला कुणी खरं म्हणत नाही."

एरवी या शेवटच्या वाक्यावर दुकान हसून कोसळलं असतं. कुणी हसलं नाही. भिंगरीही हो बाबा म्हणाली नाही. खरं तर तिनं म्हणायला हवं होतं, कायदाच होता. तिनं मान पुसली, पावडर लावली, ब्रशनं केस उडवले. हे सगळं तिनं सावकाश केलं. मग गाठ सोडून कापड झटकलं. दादा खुर्चीतून उठले आणि एकदम त्यांना वाटलं की आपण भर बाजारात उघडे उभे आहोत. त्यांना ते कापड परत हवं होतं.

"आता मी बोलते," भिंगरी म्हणाली. "तुमचा हात थरथरतो हे मला माहीत आहे. मागच्या खेपेला आले तेव्हाच पाहिलं. म्हणून तर मी यायचं म्हणतेय. आणि बाबा, हे इथं प्रत्येकाला माहीत आहे."

दादांनी बाकाकडे पाहिलं. एवढी बडबडी माणसं, पण कुणाची नजर छताला, कुणाची चपलेला. डॉक्टर तुरटी लावलेला कान चाचपत होते.

"तुला माहीत होतं?" दादांनी पोस्टमनला विचारलं.

पोस्टमननं दाढीत हात घातला. 

"मला दाढी आवडत नाही हो दादा," तो म्हणाला. "बायकोला तर बघवत नाही. उन्हात पत्रं वाटताना इतकी खाज सुटते की काय सांगू. पण दाढी करायची म्हटली तर तुमच्याकडेच करायला हवी, आणि तुमच्याकडे केली तर..." त्यानं डॉक्टरांच्या कानाकडे पाहिलं. "आणि दुसरीकडे जाऊन करून आलो तर तुम्हाला दिसणार."

मग डॉक्टर बोलले. ते म्हणाले की ते घरी करतात ती दाढी फार वाईट होते, रुग्णांनीसुद्धा विचारलंय. बेकरीवाल्यानं कबूल केलं की त्याच्या कातडीला सगळं सोसतं, भट्टीपुढे उभी राहणारी कातडी ती. दाराशी उभा असलेला एकजण म्हणाला की तो तर लांबचा वळसा घालून पलीकडे जाऊन दाढी करतो आणि इकडे मफलर गुंडाळून फिरतो.

"अरे, मग कुणीतरी सांगायचं होतं मला," दादा म्हणाले. 

"कसं सांगणार?" पोस्टमन म्हणाला. "खुर्चीत असताना तुम्ही आम्हाला कधी दुखावलं नाहीत."

दादा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. केवढा राग आला त्यांना. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण एकटे शहाणे, हे सगळे खुर्चीत बसून वाट्टेल ते बोलतात आणि आपण त्यांना सांभाळून घेतो. आणि हे लेकाचे त्यांनाच सांभाळून घेत होते, ते सुद्धा आपापल्या तोंडावर खाज सोसून. शरमेनं त्यांचे कान तापले. पण त्या शरमेच्या खालून हळूहळू दुसरंच काहीतरी वर येऊ लागलं, आणि ते काय आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. ते ज्याला घाबरत होते ते केव्हाच होऊन गेलं होतं. लोकांना कळलं होतं. कळूनसुद्धा आज सकाळी पायरीवर रांग होती. घरी बसा असं म्हणायला कुणी आलं नव्हतं, केस वाढले नसतानाही सगळे केस कापायला आले होते. दादांचा जीव असा भांड्यात पडला की ते एकटेच हसायला लागले. आधी थोडं, मग पोट धरून. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते हसतायत हे पाहून पोस्टमन हसला, मग डॉक्टर, मग सगळं दुकान. मफलरवाला तर दाराला धरून खाली बसला.

हसू ओसरल्यावर दादा दुसऱ्या खुर्चीकडे गेले. वर्तमानपत्रांचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि बेकरीवाल्याच्या मांडीवर ठेवला, पाव बांधायला न्या म्हणाले. शर्टाच्या बाहीनं खुर्चीची धूळ पुसली. पायानं दांडा दाबून पाहिला. कुरकुरला, पण खुर्ची वर आली.

"त्या बाईंना फोन कर," ते भिंगरीला म्हणाले. "दुपार व्हायच्या आत."

भिंगरीनं तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. तिचा आवाज इतका कापत होता की पलीकडच्या मालकिणीला वाटलं काहीतरी अघटित घडलं. नाही हो बाई, सगळं ठीक आहे, मी येत नाही, एवढंच, असं तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. फोन ठेवला आणि तिनं बापाला मिठी मारली ती सगळ्यांदेखत. दादा तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले की पुरे, गिऱ्हाइकं खोळंबलीत. त्यांचा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

मग ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले. अंगात पुन्हा वारं शिरलं होतं. दोन खुर्च्या, दोन माणसं, उद्या पूल. ज्यांना केस कापायचेत त्यांनी माझ्याकडे या, त्यांनी जाहीर केलं, आणि ज्यांना दाढी करायची आहे त्यांनी तिच्याकडे.

सगळा बाक उठला. एकदम, एका झटक्यात. पोस्टमन सर्वांत पुढे, त्याच्या मागे डॉक्टर, मागे हातातली वर्तमानपत्रं सांभाळत बेकरीवाला, मफलर सोडत मफलरवाला, दारातले, पायरीवरचे. भिंगरीच्या खुर्चीपुढे रांग लागली ती थेट रस्त्यापर्यंत, आणि पुढे कोण मागे कोण यावरून तिथं वादही सुरू झाला. दादांच्या खुर्चीपुढे कुणीच नव्हतं. ते रिकामं कापड हातात घेऊन उभे राहिले. आता सगळं पटलेलं असलं तरी टोचायचं ते टोचतंच, आणि ते चांगलंच टोचलं.

भिंगरीनं पोस्टमनच्या गळ्याभोवती कापड बांधलं. कैचीनं दाढी आधी बारीक करून घेतली. मग मागे न बघता ती म्हणाली, "बाबा, गरम पाणी लागेल."

त्या दुकानात दादांना काम सांगणारं माणूस त्यांचे वडील गेल्यापासून झालं नव्हतं. रांगेतला वाद थांबला. सगळे दादांकडे बघू लागले. दादांनी हातातलं कापड खुंटीला लावलं, शेगडीवरची किटली उचलली आणि मागच्या खोलीत शिरले. आतून नळाचा आवाज आला. मग पडदा बाजूला झाला आणि त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"किती गरम करू गं?" त्यांनी विचारलं.